मॅडम, त्या दिवशी तुम्ही बोर्डाकडे पाहिलंत म्हणून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ झाला. भाषणं झाली, तुमच्या काळात वाढलेल्या उलाढालीचे आकडे पडद्यावर आले, केक कापला. आकडे खरेच आहेत. पण आमच्या टीमला तुमच्यामुळे जे मिळालं, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या हातात माईक आला तेव्हा घसा इतका दाटून आला की दोन वाक्यांपलीकडे बोलवेना. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण वरच्या खुर्चीतलं माणूस असंही वागू शकतं, हे इतर ऑफिसांमधल्या टीमनाही कळायला हवं.

तुम्ही येण्याआधीही आमच्याकडे अजाईल (सॉफ्टवेअर थोडं थोडं बनवत, दाखवत, सुधारत नेण्याची पद्धत) होतंच. म्हणजे नाव होतं. सगळ्यांचं ट्रेनिंग उरकलं होतं, प्रोजेक्ट मॅनेजरच्या कार्डावर स्क्रम मास्टर (अजाईल टीमला मदत करणारा) छापून आलं होतं, भिंतीवर पोस्टर लागली होती. बाकी ये रे माझ्या मागल्या. पहिल्याच आठवड्यात शेवटापर्यंतच्या तारखांचा गँट चार्ट द्यावा लागायचा. 15 मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्याने घ्यायची मीटिंग, पाऊण तास चालायचा, कारण ती उलटतपासणी होती: काल काय केलंस, का झालं नाही, आज किती वाजता देणार? व्हेलॉसिटी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत टीमने किती पॉइंटचं काम पुरं केलं, मोजायची ती टीमला स्वतःच्या पुढच्या कामाचा अंदाज यावा म्हणून. आमच्याकडे ती अप्रेझलमध्ये गेली आणि टीमाटीमांची तुलना सुरू झाली. मग व्हायचं तेच झालं. 3 पॉइंटची स्टोरी (छोटं काम; पॉइंट म्हणजे त्याच्या आकाराचा अंदाज) 5 ची झाली, 5 ची 8 ची. आलेख चढत राहिला आणि क्लायंटच्या पदरात जास्तीचं काहीच पडेना. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "मॅनेजमेंटचा तुम्हाला फुल सपोर्ट आहे." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या सपोर्टला कंटाळून आमची फार चांगली माणसं राजीनामा देऊन गेली. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत तुम्ही आमच्या स्टँडअपला आलात. आम्ही सगळे सावरून उभे राहिलो. पहिल्या डेव्हलपरने सवयीने तुमच्याकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. तुम्ही त्याला अडवलं नाहीत. एक पाऊल मागे सरकलात, हातातला फोन पर्समध्ये टाकलात आणि मान वळवून बोर्डावरच्या कामांच्या चिठ्ठ्या वाचायला लागलात. तो अडखळला. आता कुणाकडे बघून बोलायचं? इकडेतिकडे पाहून शेवटी तो शेजारच्या टेस्टरकडे वळला, कारण त्याचं काम पुढे तिच्याच हाती जाणार होतं.

ती आमच्यातली सगळ्यांत नवी मुलगी. एरवी "नो ब्लॉकर्स" (काही अडलेलं नाही) म्हणून मोकळी व्हायची. त्या दिवशी ती त्याला म्हणाली, "तुझा कोड माझ्याकडे येऊन पडलाय रे, पण टेस्ट एन्व्हायर्नमेंट सोमवारपासून बंद आहे." म्हणजे चाचणी घ्यायची यंत्रणाच बंद. आम्ही गप्प. वरिष्ठांसमोर असं काही निघालं की खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचंच. तुम्ही मान तिच्याकडे केलीत आणि म्हणालात, "बरं झालं सांगितलंस. यात माझ्याकडून काय हवंय?" मग जिना उतरून तुम्ही स्वतः इन्फ्राच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या, मजल्यावर गेलात. ना कुणाला मेल, ना कुणाच्या साहेबाला सीसी. दुपारी एन्व्हायर्नमेंट सुरू झालं.

2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्डला, 17 जणांनी एकत्र बसून अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्याच्या जोडीला 12 तत्त्वं आहेत. पाचवं सांगतं की उमेदीच्या माणसांभोवती प्रोजेक्ट उभा करा, त्यांना लागेल ते वातावरण आणि आधार द्या, आणि ती काम पूर्ण करतील असा विश्वास ठेवा. ट्रेनिंगमध्ये ती स्लाइड भरभर पुढे गेली होती. तिचा अर्थ मला तुम्ही मान वळवलीत तेव्हा कळला. मॅनेजमेंटचा पाठिंबा म्हणजे परवानगी आणि बजेट, एवढंच मी तोवर धरून चाललो होतो.

पुढे तुम्ही पुष्कळ केलंत. व्हेलॉसिटी अप्रेझलमधून बाहेर काढलीत; त्यासाठी कुठे कुठे भांडावं लागलं ते तुम्हालाच ठाऊक. झालेल्या कामातलं बरंवाईट बोलायची टीमची बैठक म्हणजे रेट्रो. "रेट्रोला मी येणार नाही, माझ्याबद्दलही मोकळेपणी बोलता आलं पाहिजे," असं सांगून खरोखरच कधी आला नाहीत. आणि क्लायंटबरोबरच्या मीटिंगमध्ये स्पष्ट म्हणालात, "तारीख पक्की हवी असेल तर कामांच्या यादीत कमीजास्त करू द्या. यादी पक्की हवी असेल तर तारीख हलू द्या. दोन्ही आवळून धरलंत तर मार टेस्टिंगला बसतो."

त्यामुळेच विम्याच्या क्लेमचा अर्धवट फॉर्म आम्ही रिव्ह्यूत (झालेलं काम क्लायंटसमोर मांडायच्या मीटिंगमध्ये) दाखवू शकलो. क्लायंटकडच्या, रोज क्लेमचे फोन घेणाऱ्या बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "गाडी ठोकून रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस फोन करतो. त्याला गॅरेजचं एस्टिमेट कुठून माहीत असणार?" एस्टिमेटच्या रकान्यांचं ते अख्खं पान तिथेच काढून टाकलं. जुन्या पद्धतीत हे आम्हाला अगदी शेवटी, यूएटीत (क्लायंटच्या अखेरच्या चाचणीत) कळलं असतं, आणि मग रात्री जागवून ते पान बदलत बसलो असतो.

खरं तर "बरं झालं सांगितलंस" म्हणायला कुठलंच सर्टिफिकेट लागत नाही. तपासून झाल्यावर पेशंटच्या म्हाताऱ्या आईला खुर्ची देऊन नीट समजावणारे डॉक्टर असतात, शंका विचारणाऱ्या पोराला वर्गासमोर हसू न देणारे मास्तर असतात. त्यांच्या या वागण्याची नोंद कुठल्या डॅशबोर्डवर होत नाही, म्हणून ते शब्दांत सांगावंसं वाटलं. अशी माणसं वाट्याला आली की काम करणाऱ्याला आपण माणूस आहोत असं वाटतं, आणि मॅडम, ते आम्हाला फार दिवसांनी वाटलं होतं.

ती टेस्टर आता नव्या लोकांना शिकवते. तुमच्या जागी आलेल्या सरांनी सोमवारी स्टेटसची एक्सेल मागितली. तिनेच त्यांना सांगितलं, "सर, एक्सेलपेक्षा गुरुवारी रिव्ह्यूला या, चालू सॉफ्टवेअरच बघा." ते हो म्हणालेत.

तुम्हीही कधी पुण्यात असलात तर या. रिव्ह्यू अजूनही एक आड एक गुरुवारी, दुपारी चारलाच असतो.

मनापासून आभार.

तुमच्या टीममधला एक डेव्हलपर