अनुदानाच्या यंत्राचा पासवर्ड कुणाकडे? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

शिरोली औद्योगिक वसाहतीत अनुदानातून उभ्या राहिलेल्या एका सामायिक सॅण्ड प्लँटचा (ओतकामाच्या साच्यांची वाळू तयार करणाऱ्या यंत्रणेचा) पीएलसी, म्हणजे ती चालवणारा छोटा संगणक, गेल्या आठवड्यात रिकामा झाला. आतली बॅटरी संपलेली होती, त्यातच वीज गेली आणि प्रोग्राम पुसला गेला. पुरवठादाराकडे त्याची प्रत आहे, पण नव्या कराराशिवाय तो ती देत नाही. प्रोग्राम, पासवर्ड आणि रजिस्टरांची (यंत्रातले आकडे ठेवायच्या क्रमांकित खणांची) यादी प्लँट चालवणाऱ्या सामायिक केंद्राच्याच ताब्यात राहील, असा शब्द उद्घाटनाच्या व्यासपीठावरून दिला गेला होता. निविदेत मात्र एवढेच आहे: ‘संगणकाशी जोडण्याची सोय असावी.’

यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतींपैकी या एका ओळीत मोडबस बसतो, प्रोफिबस बसतो, प्रोफिनेट आणि इथरकॅटही बसतात, आणि पुरवठादाराने स्वतःपुरती बनवलेली बंद पद्धतही बसते. ‘आंतरराष्ट्रीय मानकानुसार’ असे लिहूनही भागत नाही. अशा पद्धतींसाठीच्या आयईसी ६११५८ या आंतरराष्ट्रीय मानकावर कंपन्यांचे एकमत झाले नाही, म्हणून २००० साली त्यात एकमेकींशी न बोलणाऱ्या आठ पद्धती शेजारी शेजारी घातल्या गेल्या. पद्धतीचे नाव घेऊनच लिहावे लागते. मोडबस १९७९ पासून आहे, त्याचा तपशील कुणालाही फुकट वाचता येतो. तो लिहायला काय अडचण होती?

आणि नुसते ‘मोडबस’ लिहिले तरी काम निम्मेच होते. पुष्कळ मीटरांत व्होल्टेजचा आकडा दोन रजिस्टरांत येतो. दशांश आकड्यांच्या ‘फ्लोट’ रूपात २३० व्होल्ट म्हणजे षोडशमान (हेक्स) पद्धतीत ४३६६ आणि ००००. कुठला शब्द, म्हणजे आकड्याचा कुठला अर्धा भाग, आधी, हे कागदावर नसले की दोन्ही उलटे वाचले जातात आणि पडद्यावर शून्य दिसते. मग चांगला मीटर बिघडला म्हणून काढला जातो. एका कंपनीचे ४०००१ क्रमांकाचे रजिस्टर म्हणजे दुसरीचा पत्ता शून्य, हे कळले नाही की एकाने सगळी यादी सरकते. नवे मीटर बहुधा एकाच पत्त्यावर येतात. ते न बदलता एका तारेवर चढवले की दोघे एकदम उत्तर देतात आणि एकाचेही नीट पोचत नाही. तारेच्या दोन जोडांवरच्या ए आणि बी या खुणा तर काही कंपन्या उलट्याच लावतात.

तारेचेही तेच. आरएस-४८५ ची, म्हणजे असे मीटर जोडणारी, तार एका उपकरणातून दुसऱ्यात, अशी ओळीने जायला हवी. आमच्याकडे ठेकेदार पॅनेलमधून चारी दिशांना फाटे फोडतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लागतो. वीज बंद करून ए-बी मध्ये मल्टिमीटर धरला की साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोधक नाही. ४० आले तर कुणीतरी तिसरा घातलाय. धातू वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलला चिकटून तार नेली की फर्नेस चढताच सीआरसी चुका, म्हणजे संदेश वाटेत बिघडल्याच्या खुणा, सुरू होतात. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, पण स्वीकृती अहवालात तिच्यासाठी रकानाच नाही. फोटो मात्र जोडावे लागतात, फीत कापतानाचेसुद्धा!

याची झळ कुणाला बसते, तेही ऐका. आज वाळूत घालायची बेंटोनाइट (चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी हाताने मोजली जाते आहे. पाणी जास्त झाले की कास्टिंगला ब्लो-होल (वायूची पोकळी), कमी झाले की साचा ढासळतो. माल परत येतो, ग्राहकाकडचे आमचे गुण घटतात, आणि ते पुन्हा मिळवायला वर्षे लागतात. रात्रपाळीचा माणूस वाळूत हात घालून ओल पाहतो आहे. या योजनेचे नाव ‘आधुनिकीकरण’ आहे, साहेब.

चूक एका निविदेची नाही. सर्वांत कमी दर तेवढा पाहिला जातो, आणि बंद पद्धतीचा पुरवठादार सुरुवातीला कमी दर लावून पुढची वर्षानुवर्षे दुरुस्तीतून वसूल करतो. तपासायला येणाऱ्याला मल्टिमीटर धरता येत नाही आणि ज्याला येतो त्याला समितीत कुणी बोलावत नाही. गोकुळ शिरगाव आणि कागलमध्ये हे काम जाणणारी कितीतरी पोरे आहेत. निविदा लिहिताना त्यांना कुणी विचारले?

मागण्या अशा. निविदेत संपर्कपद्धतीचे नाव, वेग, पॅरिटी (चूक ओळखायची खूण) आणि शब्दांचा क्रम लिहावा. संपूर्ण रजिस्टर यादी, टिपांसह मूळ प्रोग्राम आणि सर्व पासवर्ड हस्तांतराच्या दिवशीच केंद्राला मिळावेत, आणि ती प्रत कोऱ्या पीएलसीत चढवून यंत्र चालवून दाखवावे. तोवर शेवटचा हप्ता थांबवावा. नेटवर्कवर चालणाऱ्या मोडबस टीसीपीला स्वतःचा पासवर्ड नसतो, म्हणून त्याचे ५०२ क्रमांकाचे पोर्ट (आत येण्याचे दार) इंटरनेटवर उघडे ठेवण्यास मनाई करावी. आणि शिरोलीच्या प्लँटची प्रत या आठवड्यात मिळवून द्यावी. पुरवठादाराची अनामत अजून तुमच्याच ताब्यात आहे.

आपला,
एक देखभाल अभियंता, शिरोली, कोल्हापूर