हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक

संपादक महोदय,

बेजबाबदार प्रौढाच्या हाती वाट चुकलेली मुले सोपवणारे विनोदी चित्रपट मुलांना बिघडवतात, हे रविवारच्या पुरवणीतील लेखाचे म्हणणे पटले नाही. १९७६ च्या ‘द बॅड न्यूज बेअर्स’ या मुलांच्या बेसबॉल संघावरील अमेरिकी चित्रपटातील प्रशिक्षक पैशासाठी संघ स्वीकारतो, मैदानातच बिअर पितो आणि चित्रपटातील भाषाही शिवराळ आहे, हे खरे, परंतु प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाने भर सामन्यात स्वतःच्या मुलावर हात उगारल्याचे पाहून तो भानावर येतो आणि बाकावर बसवून ठेवलेल्या कच्च्या खेळाडूंना अंतिम सामन्यात उतरवतो. संघ हरतो. गोव्यातील शालेय फुटबॉल सामन्यांत रेषेबाहेरून मुलांवर खेकसणाऱ्या पालकांनी हा प्रसंग अवश्य पाहावा.

— एक पालक, फोंडा