कोपऱ्यातली नोंद कापू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हौशी आकाशनिरीक्षकांच्या जुन्या हस्तलिखित वह्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर आला, त्याबद्दल आभार. सौरडाग, धूमकेतू, गुरूचे पट्टे, सगळी चित्रं देखणी होती. माझी तक्रार एकच आहे. चित्रं मोठी छापण्याच्या नादात त्यांचे कोपरे उडाले. तारीख, वेळ, दुर्बिणीचं माप, त्या दिवशी हवा कशी होती, हे सगळं त्या कोपऱ्यांतच असतं. ते गेल्यावर उरलं पेन्सिलीनं काढलेलं वर्तुळ आणि त्यात चार ठिपके.

आमच्या घरी अशा वह्यांचं कपाट आहे म्हणून हे लिहिते आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, नोकरीत नकाशे काढायचे आणि सुटीच्या दिवशी सूर्य. गच्चीवर तीन इंची दुर्बीण लावून ते सूर्यबिंब पांढऱ्या कागदावर पाडत. दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, हा घरातला पहिला नियम. नातवंडांनाही तो रामरक्षेच्या आधी पाठ झाला. आता कागदावर पडलेल्या बिंबात पूर्व कुठली नि पश्चिम कुठली, हे नुसतं बघून कळत नाही. मध्ये आरसा आहे की नाही, कागद कोणत्या बाजूनं पाहतो, यावर सगळं उलटसुलट होतं. म्हणून मामंजी दुर्बीण न हलवता एखादा डाग कागदावरून आपसूक सरकू देत. तो ज्या बाजूला सरकतो ती पश्चिम. त्या वाटेवर फिकट रेघ ओढायची, टोकाला ‘प’ लिहायचा आणि मगच बाकीचे डाग भरायला घ्यायचे. खालून सासूबाईंच्या जेवायला हाका चालू असत, त्या निराळ्या. त्या ‘प’मुळे आजचं चित्र आठवड्यानंतरच्या चित्राशी ताडून बघता येतं. डाग बिंबाच्या कडेकडे गेलेला दिसतो, आणि टिकलाच तर साधारण २७ दिवसांनी फिरून पहिल्या जागी येतो. आपण छापलेल्या सूर्याच्या चित्रात असं दिशेचं अक्षर नक्की असणार. छापताना ते गेलं.

वेळेचं महत्त्व काय, याला कॅरिंग्टनचं उदाहरण पुरेसं आहे. रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्लंडमधला बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. पदरच्या पैशानं त्यानं रेडहिलला स्वतःची वेधशाळा बांधली होती. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी तो असाच पडद्यावर पाडलेल्या सूर्यावरचे डाग काढत असताना डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन ठिकाणी लख्ख पांढरा उजेड दिसला. कोणी साक्षीदार मिळतो का ते बघायला तो धावला. मिनिटभरात परत येतो तो उजेड पार मंदावलेला. पाच मिनिटांत खेळ आटोपला. पण बहाद्दरानं चित्रात उजेड कुठे सुरू झाला आणि कुठे विझला त्या जागा अक्षरं घालून दाखवल्या, आणि घड्याळातली वेळ लिहिली. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ थडकलं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एकाएकी डळमळलं, तारायंत्रं बिघडली. त्या वेळी आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचे आकडे माणसं डोळ्यांनी वाचून हातानं लिहून ठेवत होती. २ सप्टेंबरच्या त्या नोंदींत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण आहे. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, संशोधकांनी त्या नोंदी पुन्हा बाहेर काढून वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडला. रेडहिलचं चित्र आणि कुलाब्याचे आकडे एकमेकांना जोडता येतात ते दोन्हीकडे वेळ लिहिलेली आहे म्हणून.

दुसरा मुद्दा कंटाळवाण्या पानांचा. मामंजी गेल्यावर एका संस्थेचे गृहस्थ घरी आले होते. सुपारी कातरत सगळ्या वह्या चाळल्या आणि म्हणाले, “चित्रं तेवढी सुटी करून द्या, आपण फ्रेम करू. बाकी आकडेमोड कोण बघणार? अटाळेवाल्याला दिलीत तरी चालेल.” मी चहा दिला, वह्या दिल्या नाहीत.

त्या आकडेमोडीत काय असतं ते सांगते. डाग एकही नसेल तर मामंजी ‘०’ लिहीत. ढगांमुळे सूर्य दिसलाच नाही तर ‘ढग’. स्वतः गावाला गेले असतील तर आडवी रेघ. आमच्याकडे इंदुरात जुलै-ऑगस्टची पानंच्या पानं ‘ढग’ने भरलेली आहेत. दिसायला तिन्ही सारखंच, डाग नाही. पण सांगतात तीन वेगळ्या गोष्टी. जर्मनीतल्या डेसाऊचा औषधविक्रेता श्वाबे १८२६ पासून सूर्य तपासत होता तो बुधाच्याही आत एखादा ग्रह सापडतो का हे पाहायला. ग्रह मिळाला नाही, पण वर्षात किती दिवस सूर्य पाहिला आणि त्यातले किती दिवस बिनडागी गेले हे तो लिहीत राहिला, आणि १८४३ मध्ये डाग सुमारे दहा वर्षांच्या चक्रानं कमी-जास्त होतात, असं त्यानं जाहीर केलं. उलट सतराव्या शतकातल्या काही निरीक्षकांनी ‘या काळात डाग दिसले नाहीत’ असं मोघम लिहून ठेवलं होतं. पुढे कोणीतरी आकड्यांची यादी करताना त्याची रोजची शून्यं केली. ती शून्यं खरी किती, हे बघायला अभ्यासकांना पुन्हा मूळ कागदांपर्यंत जावं लागलं.

रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचं तेज कमी-जास्त होतं अशा ताऱ्यांच्या, वह्यांत तर चित्र नसतंच. आजच्या बांगलादेशातल्या जेस्सोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी ३७ हजारांवर निरीक्षणं अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकांच्या संघटनेला पाठवली. त्या संघटनेनं १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. पाठवलं काय, तर ताऱ्याचं नाव, वेळ आणि प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसला त्याचा आकडा. एकही पान फ्रेम करण्यासारखं नाही.

२२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा इंदुरावरून गेला. मामंजींनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. आदल्या रात्री कंपासनं वर्तुळ काढून ठेवलं होतं, आणि सकाळी आभाळ भरलेलं. वर्तुळात ‘ढग’ लिहिलं आणि आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून उभे राहिले. बारीक मजकूर वाचता येईना ती वेळ, ठळक मथळा वाचता येईना ती वेळ, आणि परत दोन्ही दिसू लागले त्या वेळा. चार आकडे. संस्थेच्या गृहस्थांना ते पान रद्दी वाटलं होतं.

इंदूर, देवास, उज्जैन, महूकडच्या ज्या घरांत अशा वह्या असतील त्यांना विनंती, की वही उसवू नका, पानांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये बंद करू नका. पेन्सिल टिकते, निळी शाई ओलीनं फुटते, तेव्हा पावसाळ्याआधी फोटो काढून घ्या, खिडकीच्या उजेडात, पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कोरी पानंसुद्धा, क्रम न मोडता. तारखा आहेत तशाच उतरवा. ‘३/४ मार्च’ म्हणजे तीन तारखेच्या संध्याकाळपासून चारच्या पहाटेपर्यंतची एक रात्र. आमच्या नातवानं हौसेनं सगळं संगणकावर घेतलं आणि अशा ठिकाणी नुसता पहिला आकडा ठेवला. १९७६ च्या मार्चमधला वेस्ट धूमकेतू पहाटे दिसत होता, तो त्याच्या यादीत दर वेळी एक दिवस आधीच उगवतो. सध्या आम्ही दोघं ती यादी दुरुस्त करत बसलो आहोत.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
लोकमान्य नगर, इंदूर