वीस मोडलेल्या काडतुसांबद्दल, काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला पुन्हा नीट वाचता येऊ लागले आहे, असे तुमच्या लेकीने गेल्या महिन्यात फोनवर सांगितले. सहा वर्षे मनात राहिलेले आभार आता लिहूनच पाठवावेत, असे मी त्याच दिवशी ठरवले. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे. अमेरिकेत राहून स्वतःच्या रायफलीची काडतुसे स्वतः भरणारी मराठी माणसे थोडीच असतील, पण आहेत, आणि तुमच्या टेबलाशी बसण्याचे भाग्य त्यांतल्या प्रत्येकाला लाभलेले नाही.

कुडाळला आमच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती नळीच्या तोंडातून भरायची असे. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, आणि वरून गजाने ठासणे. आजोबा ‘बार भरला’ म्हणाले की आम्ही मुले माजघरात पळत असू. त्या बंदुकीला हात लावणे सोडाच, ती भरताना जवळ उभे राहण्याचीही आम्हा मुलींना मुभा नव्हती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला आणि तो संपला याचे मला दुःख नाही. पण नोकरीनिमित्त मोंटानात आले, इथल्या हंगामी परवान्याची आणि शिकारी-शिक्षणाच्या वर्गांची पद्धत पाहिली, वर्षभराचे मांस एका एल्कवर (इथल्या मोठ्या हरणावर) भागवणारी साधी कुटुंबे पाहिली, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पहिली रायफल घेतली. तुम्ही ‘पोरी, बार भरायला बस’ म्हणालात तेव्हा माझे डोळे का भरून आले, हे त्या दिवशी मला सांगता आले नव्हते. ते कारण हे होते.

रायफल कोणती घ्यावी याची मला फारशी समज नव्हती. जुन्या बाजारात एक रुगर नंबर वन मिळाली. एका वेळी एकच काडतूस घेणारी, खालची तरफ ओढली की मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली सरकणारी. ही रचना १९६७ मध्ये बाजारात आली असली तरी तिचे मूळ स्कॉटलंडच्या जॉन फार्करसन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या रायफलीत आहे, हे तुम्ही मला ती हातात घेताक्षणी सांगितलेत. काडतूस ‘४५-७०’. म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या सुमारे पंचेचाळीस शतांश आणि आत सत्तर ग्रेन काळी दारू, असा त्या नावाचा मूळ अर्थ. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. हे प्रमाण मी तुमच्या तराजूवर बसून मनात पक्के केले.

ते वर्ष २०२० चे होते. दुकानांतली काडतुसांची फडताळे रिकामी पडली होती आणि या मापाची पेटी तर महिनोन्महिने दिसत नव्हती. ‘विकत मिळत नाहीत ना? मग आता शिकशील,’ असे तुम्ही म्हणालात आणि दुसऱ्या शनिवारी मला तुमच्या शेडमध्ये बसवलेत.

त्या शेडचे नियम मला तोंडपाठ आहेत. टेबलावर दारूचा एकच डबा उघडा ठेवायचा, दुसरा कपाटात. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या आणि ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या टिकल्या, त्यांच्या मूळ वेष्टनातच ठेवायचे, कधीही सुटे करून बाटलीत ओतायचे नाहीत. नाव पुसलेल्या डब्यातली दारू वापरायची नाही, ती कितीही ओळखीची वाटली तरी. चहा आत स्वयंपाकघरात, शेडमध्ये नाही, कारण वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसे असते आणि ते बोटांवरून कपाच्या काठावर येते. काम संपले की गार पाण्याने आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. पहिल्या दिवशी तर तुम्ही मला दारूला हातच लावू दिला नाहीत. चार तास मी फक्त पुंगळ्या, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचे, पाहिल्या. तोंडाशी केसासारखी चीर आहे का, बुडाजवळ चमकदार कडे उमटले आहे का. ते कडे दिसले की टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवायची. तारेचे टोक खाचेत अडकले, तर पितळ तिथे पातळ झालेले आहे आणि ती पुंगळी पुढच्या बाराला बुडाशी तुटू शकते. सत्तर पुंगळ्यांमधून तुम्ही तीन बाजूला काढायला लावल्यात आणि पक्कडीने त्यांची तोंडे चेपलीत, पुन्हा चुकून कुणी भरू नयेत म्हणून.

मग एकेक पायरी. बार उडताना पितळ फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते. ते डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायचे, पण गरजेपुरतेच. रायफल एकच आणि पुंगळ्याही तिच्याच, म्हणून उगाच जास्त दाबून पितळ थकवायचे नाही. दाबण्याआधी बोटाला लावून चोळायचे लॅनोलिनचे वंगण अति झाले तर पितळावर पोचे पडतात आणि कमी झाले तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते. माझी एक रुतली होती. ती काढायला आपल्याला संध्याकाळ लागली आणि तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. नवा प्रायमर बसवल्यावर बुडावरून बोट फिरवायचे. तो किंचित आत हवा, बाहेर आलेला कधीही चालणार नाही. हे डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळते, हे तुमचे म्हणणे मला आजही दर वेळी पटते.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते तुमच्याकडून मिळालेले सर्वांत मोठे ज्ञान हेच आहे, आणि ते लिहिण्यासाठीच हे पत्र आहे.

या काडतुसासाठी काडतूस-भरणीच्या पुस्तकांत सहसा तीन वेगळे विभाग असतात. पहिला १८७३ च्या स्प्रिंगफील्डसारख्या जुन्या, वर उघडणाऱ्या झाकणाच्या रायफलींसाठी, दुसरा तरफेच्या रायफलींसाठी, तिसरा रुगर नंबर वनसारख्या मजबूत रायफलींसाठी. तिसऱ्या विभागातला दाब पहिल्या विभागाच्या कितीतरी वर जातो. पण पुंगळी तीच, माप तेच, बुडावरचा शिक्काही तोच. तिसऱ्या विभागाचे काडतूस दीडशे वर्षांच्या स्प्रिंगफील्डमध्ये अलगद बसते, आणि चाप ओढेपर्यंत काहीच वेगळे जाणवत नाही.

माझी रायफल तिसऱ्या विभागाची होती. तिच्यातून जास्तीत जास्त वेग मिळवावा, अशी नव्याने शिकणाऱ्या कुणालाही होते तशी ओढ मला झाली होती. तुम्ही पुस्तक माझ्यापुढे पहिल्या विभागाशी उघडून ठेवलेत. मी रायफलीचे नाव पुन्हा सांगितले, तुम्हाला ऐकू आले नसेल असे समजून. त्यावर तुम्ही खिडकीतून कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांच्या गोठ्याकडे बोट दाखवलेत. त्यांच्या घरी पणजोबांची स्प्रिंगफील्ड आहे, ती दर हंगामात बाहेर निघते, आणि त्यांच्या गाडीत आपण कितीदा बसतो, हे तुम्ही मोजून दाखवलेत. ‘काडतूस खिशातून खिशात फिरतं गं. ते कुणाच्या बंदुकीत जाईल, हे आपल्या हातात नसतं. आपल्या घरातून निघणारं प्रत्येक काडतूस सगळ्यांत कमजोर बंदुकीला सोसेल असंच हवं.’

त्या दिवशी मला हे थोडे अति वाटले होते, हे मी आज कबूल करते. आता वाटत नाही. पहिल्या विभागाच्या सौम्य भरणीत ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १३०० फूट वेगाने जाते. रायफलीचा नेम शंभर यार्डांवर अचूक लावलेला असेल, तर दोनशे यार्डांवर ती दोनेक फूट खाली जाते. म्हणून मी दीडशेच्या पुढे रायफल उचलतच नाही. ही मर्यादा मला दारूने घालून दिली, आणि तिच्यामुळे जनावराच्या जवळ जायला मी शिकले.

दारू मोजतानाचा धोका मात्र याच सौम्य भरणीत जास्त असतो, हेही तुम्हीच समजावलेत. ही पुंगळी काळ्या दारूच्या मोठ्या मापासाठी घडवलेली. आपण वापरतो ती धूरविरहित दारू तिच्या तळाशी थोडीशीच बसते, त्यामुळे काही दारूंचे दोन बार एकाच पुंगळीत पडले तरी ती काठोकाठ भरत नाही आणि चूक वरून दिसत नाही. म्हणून लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने उभ्या करायच्या, सगळ्या भरून झाल्या की विजेरी तिरकी धरून प्रत्येकीत पाहायचे, आतल्या दारूची पातळी सारखी आहे ना याची खात्री करायची, आणि मगच पहिली गोळी बसवायची.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आईचा कुडाळहून फोन आला, मी बोलत बोलत बाहेर गेले आणि परत येऊन राहिलेल्या गोळ्या बसवल्या. वीस काडतुसे तयार झाली. विजेरीने पाहिले होते की नाही, हे तुम्ही विचारलेत आणि मला आठवेना. बहुधा पाहिले असेल, असे मी म्हणाले. तुम्ही कपाटातून गोळी काढायचा पोकळ हातोडा आणून माझ्या हातात दिलात. सिमेंटच्या लादीवर एकेक काडतूस ठोकून गोळी, दारू आणि पुंगळी वेगळी करायला मला दीड तास लागला. प्रत्येक बार मी पुन्हा तोलला. विसाच्या वीस अचूक होते. मला वाटले, आता तुम्ही म्हणाल, ‘बघ, ठीक होतं.’ तुम्ही म्हणालात, ‘आता झोप लागेल,’ आणि चहा टाकायला आत गेलात.

पुढे २०२३ च्या शरदात, तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यावर, मी एकटी काम करत होते. बारा काडतुसे झाल्यावर तराजूची रिकामी वाटी ठेवली तर काटा शून्याच्या खाली थांबला. मध्येच कधीतरी तराजूला धक्का लागला होता. आधी कुठली, नंतरची कुठली, हे सांगता येणे शक्य नव्हते. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि पहाटे निघायचे होते. मी हातोडा काढला. बारा काडतुसांपैकी पाचांतली दारू ठरलेल्या मापापेक्षा एकेका ग्रेनहून जास्त निघाली. सौम्य भरणीत त्याने कदाचित काही झालेही नसते, पण दारू एक टक्का वाढली म्हणून दाब एकच टक्का वाढतो असे नाही, आणि ‘कदाचित’ या शब्दावर मी गाल टेकवून चाप ओढणार नव्हते. त्या रात्री मी निघाले नाही. दुसऱ्या शनिवारी गेले.

आपल्याकडे ‘फुसका बार’ हा शब्द फजितीसाठी वापरतात. तुम्ही मला त्याचा खरा अर्थ शिकवलात. आवाज दबका आला, धक्का हलका बसला, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. थांबायचे, रायफल सुरक्षित दिशेला धरून ठेवायची, मग ठोकळा उघडून पुंगळी काढायची आणि मागून नळीतून उजेड दिसतो का ते पाहायचे. एक-बारी रायफलीत मागून सरळ पाहता येते, ही सोय तुम्हाला फार आवडायची.

मागच्या नोव्हेंबरात पहाटेच्या बर्फात एक एल्क मादी ऐंशी-नव्वद यार्डांवर आडवी उभी राहिली. खिशात तीन काडतुसे होती, नळीत एक. ती दोनदा झाडाआड गेली आणि दोन्ही वेळा मी बोट चापावरून काढले. तिसऱ्यांदा ती मोकळ्यावर आली. एकाच बाराने ती चाळीस पावलांत बसली. मी जवळ गेले, हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला, आणि तुम्ही करायचात तसे काही वेळ तिथेच बसून राहिले. शेजाऱ्यांनी मांस खाली आणायला मदत केली. त्यांच्याही खांद्याला ती जुनी स्प्रिंगफील्ड होती. वाटेत त्यांनी माझ्याकडे एखादे काडतूस आहे का म्हणून विचारले, आणि मी खिशात हात घालून ते निर्धास्तपणे त्यांच्या हातावर ठेवले.

काका, तो एक क्षण तुमचा आहे. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

तुमची प्रेस, पुंगळ्या डायमध्ये दाबायचे ते यंत्र, माझ्या गॅरेजात भक्कम फळीवर बसवली आहे आणि तुमची निळी वही तिच्या शेजारीच असते. पाने संपत आली म्हणून तशीच दुसरी आणली आहे, पण तुमच्या रकान्यांचा क्रम बदललेला नाही. कालची नोंद अशी आहे: पुंगळ्या सदतीस, सहाव्यांदा. तोंडाशी चीर गेल्याने दोन बाद, पक्कडीने चेपल्या. पस्तीस विजेरीने पाहिल्या. तराजू सुरुवातीला आणि शेवटी शून्यावर.

तब्येतीची काळजी घ्यावी. काकूंना नमस्कार.

आपली,
कुडाळची पोर