कानबाईच्या रात्रीचं वहीगायन : सभासदांना सूचना

नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणात आपले ज्येष्ठ वहीगायक बुवा स्वतः रचलेल्या अहिराणी वह्या (डफावर गायची लोकगीतं) गाणार आहेत.

श्रावणातल्या दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसका येतो. शेगडी पेटती ठेवा. डफ हातभर अंतरावरून फिरवत शेकवा, जवळ धरला तर कातडं तडकतं. बुवांचा माइक वीतभर अंतरावर, डफाचा वेगळा. एको पूर्ण बंद! एकोमुळे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि बुवांची सगळी ताकद शब्दांत आहे. झीलकरी (मागून साथीला गाणारे) बुवांना खेटूनच उभे राहावेत, नाहीतर शेवटची ओळ उचलायला उशीर होतो. चाळीस मिनिटांनी विश्रांती, कोमट पाणी. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी प्रत्येक वहीचं धृपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) लगेच लिहून घ्यावं.

विसर्जन सोमवारी.