घसा नुसता बघून कळत नाही, गोळीच्या आधी स्वॅब घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बदलत्या हवेतल्या घशाच्या दुखण्यावर लेख आला होता, वाचला, हळद-मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, गरम पाणी, सगळं बरोबर आहे त्यात. पण शेवटी असं लिहिलंय की चार दिवसांत आराम नाही पडला तर अँटिबायोटिक सुरू करावं, आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. घशात काय आहे ते बघितल्याशिवाय अँटिबायोटिक घ्यायचंच नसतं, आणि ज्या मुलाला ते खरंच लागतं त्याला चार दिवस ताटकळत ठेवायचं काही कारण नसतं, म्हणजे ते वाक्य दोन्हीकडून चुकतं. मी इथे इंदूरातच एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, नोकरीची सगळी वर्षं घशाचे स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेले घशातले नमुने, लावण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आधी हे की घसा दुखला म्हणजे स्ट्रेप असं नसतं. बहुतेक घसे व्हायरसने दुखतात आणि आपले आपण बरे होतात. स्ट्रेप म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया, घसा दुखतो म्हणून आणलेल्या मुलांपैकी साधारण 20 ते 30 टक्क्यांत तो सापडतो, मोठ्या माणसांत 5 ते 15 टक्क्यांत. दहा मुलं धरली तर दोन-तीन, बाकीच्या सात-आठ जणांच्या पोटात त्या गोळ्या उगाच जातात. सगळ्यात जास्त 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो. आपल्याकडे सराफ्यात रात्री कुल्फी खाल्ली म्हणून घसा धरला असं सर्रास म्हणतात, पण स्ट्रेप कुल्फीने होत नाही हो, तो एकाच्या घशातून दुसऱ्याच्या घशात जातो, खोकण्या-शिंकण्यातून, वर्गातल्या उष्ट्या बाटलीतून, आणि दोन ते पाच दिवसांनी एकदम ताप आणि गिळताना जीव जाईल असं दुखणं घेऊन उभा राहतो. लहान मुलं तर घसा दुखतो असं सांगतच नाहीत कधी कधी, पोट दुखतं म्हणतात, उलटी करतात.

मग ओळखायचा कसा? 1981 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सेंटर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार खुणा मांडल्या, ताप, टॉन्सिलवर पू किंवा पांढरे डाग, गळ्याला पुढून जबड्याखाली हात लावला की दुखणाऱ्या गाठी, आणि खोकला नसणं. प्रत्येक खुणेला एक मार्क. 1998 मध्ये मॅकआयझॅक या डॉक्टरांनी त्यात वय घातलं, 3 ते 14 वर्षांना एक मार्क जास्त, 45 च्या पुढे एक कमी. खोकला नसणं ही खूण लोकांना पटत नाही चटकन, पण तीच कामाची आहे, कारण खोकला, गळणारं नाक, बसलेला आवाज, लाल डोळे, तोंड आलेलं, हे सगळं व्हायरसकडे बोट दाखवतं, आणि असं असेल तर स्ट्रेपची टेस्ट करायचीसुद्धा गरज नसते. 3 वर्षांच्या आतल्या बाळांचीही सहसा करत नाहीत, घरात दादा-ताईला निघालेला असेल तर गोष्ट वेगळी. अंगावर बारीक पुरळ आलं आणि हात फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं तर मात्र संशय पक्का धरायचा, तो स्कार्लेट फिव्हर असू शकतो आणि तोही स्ट्रेपचाच.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. सेंटर यांच्या त्याच अभ्यासात चारच्या चार खुणा असलेल्यांतसुद्धा स्ट्रेप निघाला तो 56 टक्क्यांत. म्हणजे डॉक्टर कितीही अनुभवी असो, टॉर्च मारून, आ करायला लावून नुसतं बघितलं तर जवळजवळ निम्म्या वेळा अंदाज चुकणार. पू दिसला की स्ट्रेप असं आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय, पण पू व्हायरसमध्येही दिसतो. मोनो नावाचा ताप येतो तरुण मुलांना, त्यात टॉन्सिल पांढरे फट्ट होतात, आणि त्यात अॅमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच जातीचं अँटिबायोटिक, दिलं की बऱ्याच जणांच्या अंगभर पुरळ येतं, मग त्या मुलाच्या फाइलवर कायमचं लिहिलं जातं की पेनिसिलिनची अॅलर्जी, जी त्याला मुळात नसतेच. बरं, घशात राखाडी पडदा दिसला, खरवडला तर रक्त येतंय, मान सुजलीय, तर सगळं सोडून मोठ्या हॉस्पिटलात पळायचं, तो घटसर्प असू शकतो, तिथे मार्क मोजत बसायचं नाही.

म्हणून स्वॅब. आणि स्वॅब घेणं हे दिसतं तेवढं सोपं नाही, खराब रिपोर्टांचं मोठं कारण तिथेच असतं. कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर जोर देऊन फिरवायची, जिथे लाल आहे, जिथे पू आहे तिथे, आणि आत नेताना-बाहेर काढताना जिभेला, गालाला, टाळूला लागू द्यायची नाही. मुलाला ओकारी येतेच, मूल डोकं मागे घेतं, आई घाबरते, आणि घेणारा घाईत जिभेवरनं काडी फिरवून डबीत टाकतो. आम्ही लॅबमध्ये त्या काडीकडे बघून ओळखायचो, नुसती लाळ. अशा स्वॅबवर निगेटिव्ह आलं तर त्याला काही अर्थ नसतो. मूल ओकलं म्हणजे काडी नीट मागे गेली, त्याला वाईट वाटून घेऊ नका, दोन सेकंदांचं काम आहे, कपाळ धरून ठेवा बस.

स्वॅबचं पुढे दोन प्रकारे करतात. एक रॅपिड अँटिजेन टेस्ट, कोविडमध्ये घरोघरी जी पट्टी बघितली त्याच जातीची, 5-10 मिनिटांत लाइन उमटते. पॉझिटिव्ह आलं तर साधारण विश्वास ठेवायचा, स्ट्रेप नसताना लाइन दाखवणं फार कमी, 100 त 5 च्या आसपास. पण स्ट्रेप असून न दाखवणं जास्त, 100 पैकी 15 एक सुटतात, म्हणून मुलांमध्ये रॅपिड निगेटिव्ह आलं तर कल्चर लावतात, मोठ्यांमध्ये नाही लावलं तरी चालतं कारण त्यांना पुढचा धोका फार कमी. दुसरं म्हणजे ते कल्चर, जुनं आणि आजही सगळ्यात भरवशाचं. रक्त घातलेल्या लाल अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर स्वॅब ओढायचा, 35-37 डिग्रीला रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायचा, सकाळी प्लेट उजेडासमोर धरली की स्ट्रेपच्या बारीक बारीक ठिपक्यांभोवती लाल रंग पूर्ण उडून काचेसारखी स्वच्छ वर्तुळं दिसतात, कारण तो जंतू रक्ताच्या पेशी फोडतो. त्याला बीटा हिमोलिसिस म्हणतात. मग बॅसिट्रासिन या अँटिबायोटिकची चकती किंवा ग्रुपिंगचं किट लावून तो ग्रुप ए च आहे का ते बघायचं. पहिल्या दिवशी काही नाही दिसलं तर प्लेट परत ठेवून 48 तासांनी बघायची, एका दिवसात निगेटिव्ह लिहून मोकळं व्हायचं नाही.

आणि हे सगळं अँटिबायोटिकच्या आधी! दोन गोळ्या पोटात गेल्या की प्लेटवर स्ट्रेप सहसा उगवत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला गेल्या थंडीत तीन दिवस गोळ्या दिल्या, ताप उतरेना तेव्हा स्वॅब पाठवला, रिपोर्ट आला नॉर्मल थ्रोट फ्लोरा, म्हणजे घशात एरवीही असतात तेच जंतू, आणि घरचे म्हणाले चला, काही नाही निघालं. काही नाही निघालं याचा अर्थ तिथे काही नव्हतं असा होतो का? आता कोणी सांगूच शकत नाही.

कोणत्याही मेडिकलवर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा. भैया, बच्चे के गले में दर्द है, बुखार भी है, एवढं म्हटलं की अॅझिथ्रोच्या, म्हणजे अॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या, तीन गोळ्या पाकिटात पडतात, चिठ्ठी कोणी विचारत नाही. ते शेड्यूल एच मधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा कायदा आहे. आणि स्ट्रेपसाठी ते पहिलं औषध नाहीच, ज्यांना पेनिसिलिन चालत नाही त्यांच्यासाठी आहे. अॅझिथ्रोला न जुमानणारे स्ट्रेप आता जगभर सापडतात. पेनिसिलिन मात्र स्ट्रेपवर आजही चालतं, इतक्या वर्षांत त्याला दाद न देणारा ग्रुप ए स्ट्रेप दवाखान्यात निघालेला नाही. पेनिसिलिन किंवा अॅमॉक्सिसिलिन पूर्ण 10 दिवस, तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून बंद करायचं नाही.

एवढा आटापिटा कशाला, तर स्ट्रेपनंतर होणारा ऱ्हुमॅटिक फिव्हर टाळण्यासाठी. घसा बरा होतो, घरचे विसरून जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे सांधे सुजतात, आज गुडघा, उद्या घोटा, आणि हृदयाच्या झडपा खराब व्हायला लागतात. श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ संपला, आपल्याकडे अजून विशी-पंचविशीतल्या मुली खराब झडपा घेऊन बाळंतपणाला येतात. घसा धरल्यापासून 9 दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर हे टळतं. म्हणजे कल्चरच्या रिपोर्टसाठी दोन दिवस थांबलं तर मुलाचं काही बिघडत नाही, हे आई-वडलांना कोणी सांगतच नाही, म्हणून ते घाई करतात.

एक अजून, एएसओ टायटर. घसा दुखतोय आणि डॉक्टरांनी रक्ताची एएसओ लिहून दिली असं आपल्याकडे खूप होतं. त्या टेस्टने आज घशात काय आहे ते कळत नाही. शरीराने स्ट्रेपविरुद्ध जी अँटिबॉडी बनवली ती त्यात मोजतात, ती वाढायला आठवडा लागतो, 3 ते 5 आठवड्यांनी सगळ्यात वर जाते आणि मग कित्येक महिने वरच राहते. सांधे सुजले, ऱ्हुमॅटिकचा संशय आहे, किंवा लघवी लाल झाली, तिथे ती कामाची. पण नुसता आकडा 400 आला म्हणून धडधाकट मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं टोचलेली मी बघितलीत, ना सांधे सुजलेले ना हृदयात काही, फक्त तो आकडा. त्या मुलांचे कंबरेवरचे ते गठ्ठे आठवले की अजून राग येतो.

तर माझी विनंती दोघांना आहे. बालरोगतज्ज्ञांनी आणि आपल्या सरकारी संजीवनी क्लिनिकांनी रॅपिड स्ट्रेपची किट ठेवावीत, त्याला ना फ्रीजभर जागा लागते ना मोठं मशीन, आणि शंका राहिली तर कल्चर पाठवावं. आणि आई-वडलांनी डॉक्टरांना सरळ विचारावं की स्वॅब घ्यायचा का, खोकला-सर्दी आहे म्हणून नको म्हणाले तर तेही उत्तर बरोबरच आहे, ऐकावं. तुम्ही त्या चार खुणा आणि स्वॅब गोळीच्या आधी एवढं चौकटीत छापलंत तर मुलं शाळेतून ताप घेऊन येतात त्या दिवसांत लोक कापून फ्रीजवर लावतील, मजकूर हवा असेल तर मी लिहून द्यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
सुदामानगर, इंदूर