मोठ्यांना त्यांची कामं करू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मुलांच्या कार्यक्रमांविषयी जे येतं ते मी आवर्जून वाचते. टीव्ही किती वेळ दाखवावा, डोळ्यांचं काय, मारामारी किती, यावर भरपूर लिहून येतं. त्या कार्यक्रमांतली मोठी माणसं कशी असतात, यावर मात्र कोणी लिहिल्याचं आठवत नाही. उभी हयात बालवाडीत गेल्यामुळे असेल, माझं लक्ष आधी तिकडेच जातं.

अमेरिकेतला ‘सेसमी स्ट्रीट’ हा खरी माणसं आणि बाहुल्या असलेला मुलांचा टीव्ही कार्यक्रम नोव्हेंबर १९६९ मध्ये सुरू झाला, तो आजही चालू आहे. त्याआधी जुलैमध्ये फिलाडेल्फियात मुलांना नमुन्याचे भाग दाखवले, तेव्हा कार्यक्रमातल्या रस्त्यावर नुसती मोठी माणसं बोलायला लागली की मुलं चुळबुळ करत होती. तज्ज्ञांचा सल्ला होता की खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. निर्मात्यांनी तो बाजूला ठेवला आणि बिग बर्ड आणि ऑस्कर या बाहुल्यांना थेट त्या माणसांच्या गल्लीत राहायला आणलं. मुलं कंटाळतात म्हणून मोठ्यांना घरी पाठवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

ती माणसंही कशी! गॉर्डन विज्ञानाचा शिक्षक, बॉब संगीत शिकवणारा, मिस्टर हूपर दुकानदार, जरा खडूसच. सुझन आधी नुसतीच घर सांभाळायची, त्यावर स्त्रीवाद्यांनी टीका केली, मग ती नर्स झाली. १९७१ मध्ये मारिया आणि लुइस आले, बहिरी लिंडा आली. ही सगळी आपापल्या कामात असायची आणि मुलं मध्येमध्ये लुडबुड करायची. १९७७ मध्ये बफी सेंट-मेरी या गायिकेने कार्यक्रमात आपल्या बाळाला अंगावर पाजलं आणि बिग बर्डने विचारलं तेव्हा सरळ उत्तर दिलं. मारिया-लुइसचं लग्न १९८८ मध्ये लागलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. मारियाची भूमिका करणाऱ्या सोनिया मन्झानो खरोखरच गरोदर होत्या, तेच कथेत घेतलं.

हूपरची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये गेले. हूपर गाव सोडून गेला असं दाखवून सुटता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये, घरातले सगळे एकत्र असतात अशा थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, तो भाग दाखवला. बिग बर्ड सगळ्यांची चित्रं काढून वाटतो, एक हातात उरतं. हूपर परत आले की देईन, म्हणतो. मोठी माणसं सांगतात की मेलेलं माणूस परत येत नाही. तो चिडून विचारतो, असं का? एक तरी कारण सांगा. गॉर्डनला सांगता येत नाही. असं असतं म्हणून, एवढंच. आणि त्या सगळ्यांचे डोळे खरोखर भरलेले आहेत. मुलांच्या कार्यक्रमात मोठ्यांना उत्तर सुचत नाही, असं आता किती वेळा दिसतं?

तेव्हाचं सगळंच चांगलं होतं असं म्हणायचा माझा आग्रह नाही. बिग बर्डचा मित्र स्नफी मोठ्यांना कधी दिसायचाच नाही. तो निघून गेल्यावरच ही मंडळी यायची, आणि बिग बर्ड गळा काढून सांगायचा तरी कोणी विश्वास ठेवायचं नाही. वर्षानुवर्षं हा विनोद चालला. मग निर्मात्यांच्या मनात आलं, की अत्याचार सोसणाऱ्या मुलाने यावरून काय शिकायचं? मोठ्यांना सांगून उपयोग नाही, हेच ना? १९८५ मध्ये सगळ्यांनी स्नफीला पाहिलं. माझ्या मते मोठ्यांच्या वागण्यात झालेला सगळ्यांत चांगला बदल हाच. ‘काहीतरीच काय’ म्हणून मुलाला उडवून लावणं किती सोपं असतं, ते वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

पुढे मात्र गाडी दुसरीकडे वळली. १९९८ पासून एल्मो या बाहुल्याचं ‘एल्मोज वर्ल्ड’ हे सदर आलं आणि तासाभराच्या भागातला मोठा तुकडा एल्मोने घेतला. २०१६ मध्ये नवे भाग आधी एचबीओ या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर दिसू लागले, तेही अर्ध्या तासाचे. त्याच वर्षी बॉबची भूमिका करणारे बॉब मॅकग्राथ यांनी सांगितलं, की त्यांना, गॉर्डन झालेले रॉस्को ऑर्मन आणि लुइस झालेले एमिलियो डेलगाडो यांना नव्या भागांसाठी बोलावलेलं नाही. बॉब पहिल्या दिवसापासून होते. वेळ कमी पडला की कात्री आधी कुणावर चालते, ते यातून कळतं.

आता अॅलन, ख्रिस, नीना ही मोठी माणसं आहेत. गुणी माणसं आहेत, पण मी बघते तेव्हा ती बाहुलीची अडचण सोडवायलाच आलेली असतात, आणि सतत हसतमुख. मोठ्यांची दुःखं संपली आहेत असं नाही, ती बाहुल्यांकडे गेली आहेत. २०१३ मध्ये अॅलेक्स नावाच्या बाहुल्याचे वडील तुरुंगात असल्याचं दाखवलं, २०१९ मध्ये कार्लीची आई व्यसनातून सावरत असल्याचं. हे धाडस मी मान्य करते. पण तिथे मोठा माणूस म्हणजे मुलावर कोसळलेलं संकट तरी असतो, नाहीतर समजूत घालणारा तरी. टोस्टर दुरुस्त करणारा राहिला नाही.

टोस्टर मुद्दाम म्हटलं. नातीला मारिया-लुइसच्या दुरुस्तीच्या दुकानातला एक जुना तुकडा दाखवला. मारिया मान खाली घालून स्क्रू पिळत होती. नातीने विचारलं, “ही आपल्याकडे का बघत नाही?” मी म्हटलं, कामात आहे. “मग आपण थांबू या,” म्हणाली आणि झाकण बसेपर्यंत हलली नाही. चार वर्षांची आहे. लहान मुलांचं लक्ष टिकत नाही म्हणून सगळं पळवत न्यावं लागतं, असं सांगणाऱ्यांना मी तिच्याशेजारी बसवायला तयार आहे.

आपल्या समीक्षकांना एवढंच सुचवते. मुलांच्या नव्या कार्यक्रमाची ओळख करून देताना वयोगट आणि भाषेबरोबर दोन ओळी आणखी लिहाव्यात. यातली मोठी माणसं पोटापाण्यासाठी काय करतात, आणि मूल समोर नसताना ती एकमेकांशी काय बोलतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तसंच छापावं.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका